रात्री फुलणारा निवडुंग : ओळख आणि निगा

पावसाळ्याच्या दिवसांत रात्री नऊ-दहाच्या सुमारास आपल्या नेर शहरातील एखाद्या घरी शेजाऱ्यांची ये-जा सुरू झाली, की समजावे, त्या घरी 'ब्रह्मकमळ' उमलत आहे. आयाबाया कामे आटोपून येतात, झोपलेल्या मुलांना उठवून आणले जाते, कुणी फोटो काढतो, कुणी नुसताच वास घेत उभा राहतो. सकाळी त्याच जागी मान टाकलेले एक मलूल फूल लोंबताना दिसते. एका रात्रीचे हे वैभव पाहून प्रत्येकाला वाटते, की हे झाड आपल्याही दारी असावे. मग एक फांदी मागून आणली जाते, कुंडीत खोवली जाते आणि पुष्कळदा पुढच्या मे महिन्यात ती वाळून जाते.

प्रस्तुत लेखकाचे पहिले झाड असेच गेले. "निवडुंगच तो, उन्हात ठेवा आणि पाणी देऊ नका," असा सल्ला मिळाला होता. त्याप्रमाणे कुंडी गच्चीवर ठेवली. मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत हिरव्या पट्ट्या पिवळ्या पडल्या आणि नंतर कागदासारख्या पांढऱ्या झाल्या. दुसरे झाड सावलीत ठेवले, पण कुंडीत शेतातली काळी माती भरली होती. ते श्रावणाच्या झडीत मुळापासून सडले. तिसऱ्या वेळी मात्र हे झाड मुळात कुठले आणि तेथे ते कसे जगते, याची आधी चौकशी केली. ते झाड आजही आहे आणि दरवर्षी फुलते. या अनुभवातून मिळालेला धडा एवढाच, की नाव आपण दिलेले असते, पण सवयी झाडाच्या स्वतःच्या असतात. झाड जगवायचे तर त्याच्या नावाकडे न पाहता त्याच्या सवयींकडे पाहावे लागते. समाजबांधवांना व विशेषतः विद्यार्थी मित्रांना ही माहिती उपयोगी पडावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

नाव एक, झाडे दोन

खरे ब्रह्मकमळ हिमालयात उगवते. साडेतीन ते साडेचार हजार मीटर उंचीवर, थंड व खडकाळ उतारांवर ते जुलै ते सप्टेंबरच्या काळात फुलते. ते सूर्यफुलाच्या कुळातील असून त्याचे शास्त्रीय नाव सॉसुरिया ऑब्व्हॅलाटा असे आहे. फिकट पिवळसर, कागदासारख्या पातळ आवरणांच्या आत त्याची जांभळी फुले दडलेली असतात. ते उत्तराखंड राज्याचे राज्यफूल आहे आणि १९८२ साली भारतीय टपाल खात्याने काढलेल्या हिमालयीन फुलांच्या तिकिटांमध्येही त्याचा समावेश होता. हे झाड नेरच्या हवेत जगणे शक्य नाही.

आपल्या घरोघरी असलेले झाड मात्र एपिफायलम ऑक्सिपेटॅलम नावाचा निवडुंग आहे. त्याचे मूळ घर दक्षिण मेक्सिको व मध्य अमेरिका. गंमत अशी, की या दोन्ही झाडांच्या नामकरणाशी एकाच माणसाचा संबंध आहे. जिनिव्हाचे वनस्पतिशास्त्रज्ञ ऑगस्टिन द कांदोल यांनी १८१० मध्ये 'सॉसुरिया' हे प्रजातीचे नाव दिले आणि त्यांनीच १८२८ मध्ये आपल्या या निवडुंगाचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या दप्तरात ही दोन झाडे दोन निरनिराळ्या कुळांत होती. आपण बोलीत त्यांना एक करून टाकले.

अर्थात यात केवळ आपलाच दोष नाही. श्रीलंकेत याच निवडुंगाला 'कडुपुल' म्हणतात आणि तो फुलतो तेव्हा नागलोक ही फुले भगवान बुद्धांना अर्पण करायला येतात, अशी तेथे लोकसमजूत आहे. चीनमध्ये याला 'थान-ह्वा' म्हणतात. यातील 'थान' हे अक्षर बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरातील 'उदुंबर' या शब्दावरून आले आहे. उदुंबर म्हणजे आपला उंबर! फार दिवसांनी भेटणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचे फूल' म्हणतो. सुत्तनिपातातील उरगसुत्तात शोधूनही न सापडणाऱ्या गोष्टीसाठी उंबराच्या फुलाचाच दृष्टांत दिला आहे. वास्तविक उंबराची फुले फळाच्या आतच असतात, म्हणून ती बाहेरून दिसत नाहीत. चिनी लोकांनी हे दुर्मिळ फुलाचे नाव मेक्सिकोच्या पाहुण्याला दिले, आपण हिमालयाच्या फुलाचे दिले. प्रत्येक देशाने आपल्याजवळचे सर्वांत मोलाचे नाव त्याला बहाल केले, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

निवडुंग खरा, पण वाळवंटातला नव्हे

आपल्याकडे काटेरी, मांसल अशा कोणत्याही झाडाला निवडुंग म्हणण्याची पद्धत आहे. शेताच्या धुऱ्यावर लावलेला त्रिधारी निवडुंग तोडला की पांढरा चीक निघतो. तो एरंडाच्या कुळातला आहे. खऱ्या निवडुंगाच्या कुळात दीड हजारांहून अधिक जाती असून एखाददुसरा अपवाद वगळता त्या सर्व मूळच्या अमेरिका खंडातील आहेत. आपल्याकडचा फड्या निवडुंगही तिकडूनच आलेला आहे.

या कुळातील बहुतेक जाती कोरड्या प्रदेशात वाढतात, हे खरे. परंतु आपले एपिफायलम वाढते ते दमट जंगलात आणि तेही जमिनीवर नव्हे, तर मोठ्या झाडांच्या बेचक्यांत. तेथे साचलेला पालापाचोळा हीच त्याची माती. वरून गाळून आलेले ऊन, पावसाचे पाणी येते आणि लगेच निथळून जाते, मुळांना भरपूर हवा मिळते, अशी त्याची राहणी असते. ते त्या झाडाचा रस शोषून घेत नाही, फक्त आधार घेते. म्हणजे त्याला बांडगूळ म्हणता येणार नाही.

ज्यांना आपण पाने म्हणतो ती पाने नसून चपटी झालेली खोडे आहेत. म्हणूनच 'पानातून फूल येते' हे नवल खरे नवल नाही. त्या पट्टीच्या कडेला ज्या खाचा दिसतात तेथे डोळे असतात आणि कळी त्या डोळ्यांतूनच फुटते. कधी कधी बुडातून काठीसारखे गोल, लांब फुटवे निघतात. ते निरुपयोगी समजून पुष्कळ जण कापून टाकतात. तसे करू नये, कारण त्यांच्याच अंगावर पुढे चपट्या फांद्या येतात.

रात्रीच का फुलते?

दुधी भोपळ्याचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. लाल भोपळ्याचे पिवळे फूल मात्र सकाळी उमलते आणि त्यावर मधमाश्या येतात. रात्री फुलणाऱ्या फुलांचे पाहुणे वेगळे असतात. अंधारात रंग दिसत नाहीत, म्हणून फूल पांढरे असते. दुरून पत्ता लागावा म्हणून वास तीव्र असतो. मध एका लांब नळीच्या तळाशी असतो आणि तो लांब सोंडेच्या मोठ्या पतंगांनाच मिळू शकतो. आपल्या निवडुंगाच्या फुलाची नळी व पाकळ्या मिळून लांबी सुमारे २५ ते ३० सेंटीमीटर भरते, त्याचे कारण हेच. आपल्याकडे मात्र या झाडाला फळ क्वचितच धरते. एका झाडाच्या फांदीपासून वाटत वाटत घरोघरी पोहोचलेली झाडे अंगाने एकच असतात, आणि या निवडुंगाचे स्वतःच्याच परागाने सहसा फळ धरत नाही.

निवडुंगाचे रात्रीशी आणखी एक नाते आहे. सामान्य झाडे दिवसा आपली रंध्रे उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात. त्या वेळी त्यांच्यातील पाण्याची वाफही बाहेर जाते. निवडुंग ही रंध्रे मुख्यतः रात्री उघडतो, वायू आत घेऊन तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा रंध्रे मिटून उन्हाच्या साहाय्याने त्यापासून अन्न तयार करतो. त्यामुळे थोड्या पाण्यात भागते. निवडुंग अंधारात वायू शोषतो, हे निकोला-तेओदोर द सॉसुर यांनी १८०४ मध्ये नोंदवले. हिमालयातील खऱ्या ब्रह्मकमळाच्या 'सॉसुरिया' या नावात याच सॉसुर घराण्याचा मान राखलेला आहे!

याबाबतचे दुसरे महत्त्वाचे निरीक्षण आपल्या देशात झाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील बेंजामिन हेन यांच्या असे लक्षात आले, की पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते आणि दुपारपर्यंत बेचव होते. त्यांचे हे पत्र १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने छापले. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही पान चावून पाहू नका. एक पान सूर्योदयापूर्वी आणि दुसरे दुपारी चार वाजता थोड्या पाण्यात कुटा आणि शाळेतील सामू मोजण्याची कागदी पट्टी त्यात बुडवा. दोन रंगांतला फरक पाहिला, की धड्यातील वाक्य पाठ करावे लागणार नाही.

नेरच्या हवेत जोपासना

लागवड : गेल्या वर्षीची, निबर, हिरवीगार पट्टी घ्यावी. १५ ते २० सेंटीमीटरचा तुकडा पुरतो. तो लगेच न लावता चार-पाच दिवस सावलीत ठेवावा, म्हणजे कापलेला भाग सुकून बंद होतो. ओली जखम मातीत गेली की ती सडते. बुडाकडची बाजू खाली ठेवून तीन-चार सेंटीमीटर खोल लावावी व काडीचा आधार द्यावा. मृगाचा पाऊस सुरू झाल्यानंतरचा काळ यासाठी उत्तम. महिनाभरात मुळे फुटतात. फूल येण्यास साधारणतः दोन ते तीन वर्षे लागतात, तोवर धीर धरावा.

माती : आपली काळी, कपाशीची जमीन पिकाला सोन्यासारखी असली, तरी कुंडीत ती पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळे तोडते. म्हणून एक भाग साधी पोयट्याची माती, एक भाग जाड रेती किंवा विटांचे बारीक तुकडे आणि एक भाग कुजलेला पालापाचोळा किंवा जुने शेणखत असे मिश्रण करावे. त्यात नारळाच्या शेंडीचे तुकडे मिसळल्यास उत्तम. कुंडीच्या तळाला भोक हवेच. जुना डबा किंवा पोते वापरले तरी चालते, पण खालून पाणी निघून गेले पाहिजे. कुंडी फार मोठी घेऊ नये. मुळे थोडी दाटीत असली, की हे झाड चांगले फुलते. दोन-तीन वर्षांनी, फुले संपल्यावर, माती बदलावी.

ऊन : सकाळचे कोवळे ऊन आठ-नऊ वाजेपर्यंत मिळाले, की पुरे. त्यानंतर उजेड हवा, पण थेट ऊन नको. पूर्वेकडचा व्हरांडा किंवा निंबाची सावली ही त्याची योग्य जागा. मार्च ते जूनमध्ये आपल्याकडे पारा ४५ अंशांकडे जातो. अशा वेळी गच्ची, टिनाचे छत आणि पश्चिमेची भिंत ही तिन्ही ठिकाणे त्याला घातक आहेत. भिंत रात्रीही उष्णता सोडत राहते, हे विसरू नये. हिरवी जाळी बांधता आली तर चांगले. तीही नसल्यास पऱ्हाटीचा आडोसा करावा. ज्यांच्याकडे कुलर आहे त्यांनी कुंडी कुलरच्या मागच्या बाजूला, सावलीत ठेवून पाहावी. तेथे हवेत ओलावा असतो. पट्ट्या पिवळट-लालसर दिसू लागल्या, तर ऊन जास्त होत आहे, असे समजावे. त्या अशक्त, फिक्या व बारीक होऊ लागल्या, तर उजेड कमी पडतो आहे.

पाणी : दिवस ठरवून पाणी देऊ नये, बोटाने पाहून द्यावे. वरची दोन बोटे माती कोरडी झाली, की भरपूर पाणी द्यावे आणि ते पूर्ण निथळू द्यावे. मे महिन्यात कदाचित रोज सकाळी द्यावे लागेल. संध्याकाळी पट्ट्यांवर पाणी शिंपडल्यास झाड टवटवीत राहते. पावसाच्या झडीत कुंडी वळचणीला सरकवावी आणि खालची बशी काढून टाकावी. दिवाळीनंतर पाणी कमी करावे. थंडीत आठ-दहा दिवसांतून एकदा दिले, तरी पुरते. हा विसावा मिळाला, तर पुढे कळ्या अधिक धरतात.

खत : फेब्रुवारीपासून पावसाळा सरेपर्यंत महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत किंवा चांगले कुजलेले शेणखत पुरते. वर्षातून एकदा चमचाभर हाडांचे खत द्यावे. युरिया देऊ नये. त्याने झाड माजते, पट्ट्या वाढतात आणि फूल मात्र येत नाही.

कीड : खाचांमध्ये पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला, तर तो पिठ्या ढेकूण होय. कपाशी करणाऱ्यांना तो परिचित आहे. ओल्या फडक्याने तो पुसून काढावा. जास्त असल्यास ५० ग्रॅम निंबोळीचा कूट रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवून, गाळून, थोडा साबण घालून फवारावा. पावसाळ्यात गोगलगायी कोवळे फुटवे खातात. त्या रात्री टॉर्च घेऊन वेचाव्या. बूड मऊ व काळे पडले असेल, तर ते झाड वाचवण्याची खटपट न करता वरचा निरोगी भाग कापून नव्याने लावावा.

कळीपासून फुलापर्यंत

कळी प्रथम खाचेत लालसर दाण्यासारखी दिसते. तेथून फूल उमलेपर्यंत साधारण तीन-चार आठवडे जातात. या काळात कुंडी हलवू नये, फिरवू नये आणि माती पूर्ण सुकू देऊ नये. काही कळ्या गळणारच, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. लोंबणारी कळी शेवटच्या दिवसांत आकड्यासारखी वर वळते आणि फुगते. ज्या संध्याकाळी तिचे टोक सैल झालेले दिसेल, ती रात्र फुलण्याची. आठ-नऊला पाकळ्या हलू लागतात, अकरा-बाराला फूल पूर्ण उमलते आणि पहाटे मिटते.

खरे वाळवंटी भाऊबंद

काही घरांपुढे खांबासारखा उंच, कोनदार निवडुंग असतो. त्याला सीरियस म्हणतात. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला असून त्याचीही मोठी पांढरी फुले रात्रीच उमलतात. त्याची निगा वेगळी. त्याला भरपूर ऊन, रेताड माती आणि माती पूर्ण सुकल्यावरच पाणी. त्याला आपल्या उन्हाळ्यापेक्षा आपल्या पावसाळ्याची भीती अधिक. त्याचा तुकडा जाड असल्याने लावण्यापूर्वी दोन आठवडे सुकवावा.

अमेरिकेतील ॲरिझोना व मेक्सिकोच्या सोनोरा वाळवंटात पेनिओसीरियस ग्रेगाय नावाचा निवडुंग आहे. वर्षभर तो झुडपाखाली पडलेल्या वाळक्या काडीसारखा दिसतो. जमिनीखाली मात्र त्याचा मोठा कंद असतो. त्यात साठवलेल्या पाण्यावर तो उन्हाळ्यातल्या एखाद्या रात्री फुलतो. कुळ तेच आणि रात्रही तीच, पण त्याला जे मानवते त्याने आपले एपिफायलम मरते. एकाचा नियम दुसऱ्याला लावू नये, तो यासाठी.

या घराण्यातील एक सदस्य तर आता बाजारात मिळतो. ड्रॅगन फ्रूटची वेलही रात्री फुलणारा निवडुंगच आहे. सांगली जिल्ह्यातील तडसर येथील शेतकऱ्यांची फळे २०२१ मध्ये दुबईला निर्यात झाली. गुजरात सरकारने त्याच वर्षी या फळाला 'कमलम' हे नाव दिले. म्हणजे निवडुंगाला कमळ म्हणण्याची हौस अजून संपलेली नाही! विदर्भात ते लावणाऱ्यांनीही कोवळ्या वेलींना मे महिन्यात सावली द्यावी. उन्हाने ते भाजतात.

काही गैरसमज

'बारा वर्षांतून एकदाच फुलते', 'पौर्णिमेलाच फुलते', 'भाग्यवानालाच दिसते', 'फूल आले की घरात धन येते' अशा समजुती आपण ऐकतो. वास्तविक चांगले जोपासलेले झाड एकाच पावसाळ्यात दोन-तीन वेळा बहरते, मग अमावस्या असो वा पौर्णिमा. ते दिसायला भाग्य लागत नाही, जागरण लागते. आणि एखाद्या वर्षी फुलले नाही, तर तो घरावरचा कोप नसून सावली, पाणी किंवा खत यांतली चूक असते. ती शोधता येते आणि दुरुस्तही करता येते. हिमालयातील खऱ्या ब्रह्मकमळाची देवळांत वाहण्यासाठी बेसुमार तोड होऊन ते विरळ होत चालल्याची चिंता अभ्यासक व्यक्त करतात. समजुतीची किंमत कधी कधी झाडालाही मोजावी लागते. वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधकबुद्धी वाढवणे हे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरले आहे. त्याची सुरुवात दारातल्या कुंडीपासून करायला काय हरकत आहे?

शेवटी एक विनंती. ज्यांच्या घरी हे झाड आहे त्यांनी दर पावसाळ्यात निदान दोन फांद्या, मोल न घेता, दुसऱ्याला द्याव्यात आणि फांदीबरोबर 'दुपारच्या उन्हात ठेवू नका, काळ्या मातीत लावू नका' ही दोन वाक्येही द्यावीत. विद्यार्थ्यांनी एक वही घालावी. त्यात कळी दिसल्याची तारीख, फूल उमलल्याची वेळ, त्या दिवशीचा पाऊस आणि फुलावर आलेला कीटक यांची नोंद ठेवावी. तीन वर्षांत त्या वहीत नेरपुरती अशी माहिती जमा होईल, जी कोणत्याही पुस्तकात छापलेली नाही. आणि फूल उमलेल त्या रात्री दार उघडे ठेवावे, सगळ्या गल्लीला बोलवावे. पहाटे मिटणारे फूल एकट्याने पाहून संपवण्यासारखे नसते.